पासिंग प्लेसवरचा पाहुणा

या सहलीत रवीला एक सही मिळायची होती.

त्याच्या बायकोला, सीमाला, मिळायचं होतं सव्वातीन वाजता शाळेच्या फाटकात हजर राहणारं घरचं माणूस. त्यांच्या दहा वर्षांच्या सियाला, मोटरहोममधला ड्रायव्हरच्या डोक्यावरचा झोपायचा बंक. मला, आठ दिवसांत किमान सोळा सॉसेजची टोकं.

आणि रघुवीररावांना, म्हणजे रवीच्या बाबांना?

काही नाही. मी पुन्हा पुन्हा मोजून पाहिलं. त्यांच्या वाट्याला कमरेत भरलेली उसण सोडली तर काही येत नव्हतं.

मी या घरचा कुत्रा. जात बॉर्डर कॉली, नाव टॉफी, मुक्काम लंडनजवळचं पिनर. कुत्र्याला लिहिता कसं येतं, हा प्रश्न ज्यांना छळतोय त्यांनी इथेच थांबावं. पुढे याहून वाईट प्रश्न आहेत.

यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटं बोलून मला एक बिस्किटही जास्त मिळणार नाही, आणि फुकटात खोटं बोलायची आमच्यात पद्धत नाही.

तारीख, शनिवार १७ जून २००६. जागा, स्कॉटलंडच्या पार उत्तरेचा एक एकेरी रस्ता. भुताच्या गोष्टीला रात्र लागते म्हणतात. इथे रात्र नव्हती. जूनमध्ये तिकडे अकरा वाजले तरी उजेड असतो.

जे झालं ते उजेडात झालं.

रघुवीरराव चौतीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. फलटण डेपो. बायको जाऊन चार वर्षं झालेली. रवीने त्यांना सहा महिन्यांच्या व्हिसावर पिनरला आणलं, आणि पहिल्या महिन्यापासून एकच धोशा लावला.

"बाबा, आता इथेच राहा. कायमचे. फॉर्म भरलाय मी, फक्त सही करा."

"अरे, सकाळी सहाची गाडी डेपोतून निघताना बघायची असते मला."

"तुम्ही नसलात तरी ती निघतेच ना?"

"निघते की. पण मुरलीधर तिथे एकटा उभा राहतो."

मुरलीधर म्हणजे त्यांचा जुना ड्रायव्हर. दोघं निवृत्त झाले, पण सहाच्या गाडीला निरोप देणं सुटलं नाही. दर रविवारी त्याचा फोन यायचा. "रघू, डबल बेल द्यायला कधी येतोस?" एवढंच विचारायचा आणि हसत सुटायचा.

रवी काही वाईट मुलगा नाही, हे आधीच लिहून ठेवतो. त्याला बाप एकटा नको होता. पण त्याला 'नाही' ऐकायचीही सवय नव्हती. म्हणून त्याने मोटरहोम भाड्याने घेतलं. लँड्स एंड ते जॉन ओ'ग्रोट्स. देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आठ दिवस, चाकांवरच्या एका खोलीत.

घरात माणूस उठून बाहेर तरी जातो. इथे कुठे जाणार?

हुशार आहे रवी.

कॉर्नवॉलमध्ये त्याने विषय काढला. वेल्समध्ये काढला. लेक डिस्ट्रिक्टमध्ये तर बाबा टॉयलेटमध्ये असताना दाराबाहेरून काढला. आतून उत्तर आलं, "रव्या, इथे तरी सोड."

बाबांची जागा दाराजवळची. कंडक्टरची. कुठूनही निघताना ते आधी माणसं मोजायचे, मग मोटरहोमच्या भिंतीवर बोटांच्या गाठींनी दोनदा वाजवायचे.

ठक ठक.

"डबल बेल! जाऊ द्या!"

एक म्हणजे थांबा. दोन म्हणजे चला. सियाला हे फार आवडायचं. "आजोबा, तू आमचा बेल आहेस," म्हणायची.

मोजण्याचं काम मीही करतो. आमच्या जातीचा तोच धंदा, कळप पुरा आहे की नाही ते बघायचं. म्हणून बाबा मला टॉफी म्हणायचेच नाहीत. कंट्रोलर म्हणायचे. "काय कंट्रोलर, किती झाले?"

चार. रवी, सीमा, सिया, बाबा. सहा दिवस रोज चार.

सातव्या दिवशी...

दुपारी चारला समुद्राकडून धुकं आलं. आलं म्हणजे पडद्यासारखं आलं. आधी डोंगर गेले, मग मेंढ्या, मग कुंपण. शेवटी रस्तासुद्धा बोनेटपुरता उरला. रस्ता सांगणारी सॅटनॅवची बाई बराच वेळ काही बोललीच नाही. मोबाइलला रेंज नव्हती.

तिकडचे रस्ते एकाच गाडीपुरते. मध्येमध्ये बाजूला जरा रुंद जागा, तिथे खांबावर पांढरी पाटी. पासिंग प्लेस. रवीने अशाच एका पाटीखाली गाडी घेतली.

"हा थांबा आहे का रे?" बाबांनी विचारलं.

"नाही बाबा. समोरून कोणी आलं तर वाट द्यायला असते ही जागा. एकाने थांबायचं, म्हणजे दुसऱ्याला जाता येतं."

"मग इथे मुक्काम करतात?"

"करायचा नसतो खरं तर. पण या धुक्यात कोण येतंय?"

गाडी तिथे उभी राहिली. पाच वाजले. सहा वाजले. धुकं जागचं हललं नाही. इंजिन बंद केल्यावर कळलं, बाहेर आवाजच नव्हता. पक्षी नाही, मेंढी नाही, वारा नाही. मी दोन्ही कान उभे करून ऐकलं.

काहीच नाही...

सात वाजता सीमाने धपाटे गरम केले. शेंगदाण्याची चटणी काढली. बाबांनी दाराजवळची काच थोडी सरकवली, आणि बाहेर बघून, अगदी सहज म्हणाले,

"या जेवायला."

रवीने कपाळाला हात लावला. "कोणाला बोलावताय बाबा?"

"ते काय, पाटीजवळ उभे आहेत ना एक गृहस्थ."

मी उडी मारून बघितलं. होता. पाटीच्या खांबाला टेकून एक म्हातारा माणूस उभा होता. लांब कोट. चेहरा धुक्यात.

आता माझी अडचण ऐका. माणूस मला आधी नाकाला दिसतो, मग डोळ्यांना. साबण, तंबाखू, घाम, भीती, काहीतरी असतंच.

हा माणूस नाकाला दिसलाच नाही.

"बाबा, अहो इथे असं कोणी कोणाला जेवायला बोलावत नाही!"

"अरे, बोलावलं म्हणून कोणी येतं का?" बाबा हसले. "लोणंदला गाडी थांबली की मी डबा उघडायचो. शेजारच्याला म्हणायचं, या जेवायला. तो म्हणणार, होऊ द्या सावकाश. संपलं. चौतीस वर्षांत एकही माणूस आला नाही."

खरं होतं त्यांचं. आपल्याकडे हे दोघांचं काम आहे. एकाने बोलवायचं, दुसऱ्याने नको म्हणायचं.

पण दुसऱ्याला हे माहीत असावं लागतं...

बाबांनी पुन्हा बाहेर बघितलं. पाटीजवळ कोणी नव्हतं.

"गेले वाटतं," ते म्हणाले.

आणि दाराची पायरी करकरली.

एकदाच. वजन पडल्यावर करकरते तशी.

मग मोटरहोम दाराच्या बाजूला किंचित झुकलं. टेबलावरची चटणीची वाटी घसरली. आणि गाडी परत सरळ झाली.

दार उघडलं नव्हतं. माझे डोळे दारावरच होते.

"चाक रुतलं बहुतेक," रवी म्हणाला.

मी मोजलं.

पाच.

परत मोजलं. रवी, सीमा, सिया, बाबा... आणि टेबलाच्या आतल्या कोपऱ्यात, जिथे कोणी बसत नव्हतं तिथे, गादी मधोमध खाली गेलेली. कोणी बसलं की जाते तशी.

सियाने ताटल्या मांडल्या. सीमा म्हणाली, "सिया, पाच कशाला गं?"

"फाइव्ह पीपल आहेत ना. मी मोजला."

"टॉफीला ताटली देतेस होय? काहीतरीच तुझं."

सियाने गोंधळून टेबलाकडे बघितलं. मग माझ्याकडे. पाचवी ताटली तिने उचलली नाही.

बाबांची नजर गादीतल्या खळग्यावर होती. कंडक्टरला जास्तीचा माणूस न बघता कळतो.

जेवण सुरू झालं. मी टेबलाखाली. इथे मला एक गोष्ट कबूल करायची आहे, आणि ती मी टाळणार नाही. त्या कोपऱ्यातून धपाट्याचा एक तुकडा खाली आला. हात दिसला नाही. तुकडा आला.

मी भुंकायला हवं होतं. माझं कामच ते.

मी तुकडा खाल्ला.

त्याला चव नव्हती. दगड चाटल्यासारखं गार, तेवढंच. पण खाल्ला.

जेवण झाल्यावर सीमा कचरा टाकायला उठली. दार उघडेना. रवीने ओढलं, ढकललं, खांदा लावला. कुलूप उघडं होतं, हँडल फिरत होतं. दार मात्र हलत नव्हतं.

"पुढच्या दाराने जा," सीमा म्हणाली.

ड्रायव्हरचं दार, तेच. दुसऱ्या बाजूचं, तेच.

रवीने किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं. गिअर टाकला, पाय दाबला. चाक फिरल्याचा आवाज नाही, चिखल उडाल्याचा नाही. इंजिन ओरडत होतं आणि गाडी जागच्या जागी.

"अरे, काहीतरी कर ना!" सीमाचा आवाज चिरला.

"करतोय ना! गप जरा!"

आतली हवा हळूहळू गार होत गेली. काचांवर वाफ धरली. सगळ्या काचांवर. फक्त कोपऱ्यातल्या काचेवर धरली नाही.

तिथे कोणी श्वास सोडत नव्हतं...

सिया आईला चिकटली. "मम्मा, त्याला घरी जायचं नाहीये."

"कोणाला?"

सियाने कोपऱ्याकडे बघितलं.

आठ वाजून गेले असतील. बाबा उठले. पायात बूट घातले, फीत नीट बांधली. डोक्याला तपकिरी माकडटोपी घातली. सगळं सावकाश, ड्युटीवर जायचं असल्यासारखं.

"रवी, इंजिन बंद कर. गाडी अशी हलायची नाही. एक सीट जास्त आहे."

"बाबा, प्लीज. आत्ता हे नको."

"मी बोलावलं. ते आले. त्यांचं काही चुकलं नाही." बाबा कोपऱ्याकडे बघून बोलत होते. "आता घरी आलेल्या माणसाला ऊठ, जा, असं तर म्हणता येत नाही. सोडायला जावं लागतं."

"कुठे जाताय तुम्ही? दार उघडत नाहीये!"

"माझ्यासाठी उघडेल."

सीमा मध्ये आली. "बाबा, नका ना. सकाळपर्यंत थांबू. कोणीतरी येईल."

"अगं, पाटीपर्यंत तर जायचंय. पोरगी घाबरलीय." मग कोपऱ्याकडे वळून, हात पुढे करून, अगदी अदबीने म्हणाले, "चला, तुम्हाला सोडतो."

गादीतला खळगा भरून आला.

बाबांनी हँडलला बोट लावलं. दार उघडलं.

पायरी करकरली. एकदा... आणि परत एकदा.

खाली उतरून बाबा वळले. माझ्याकडे बघितलं.

"काय कंट्रोलर, येतोस?"

मी उठलो होतो. पट्टा कोणी धरलेला नव्हता. दार सताड उघडं होतं.

तेवढ्यात टेबलाखाली दुसरा तुकडा दिसला.

किती वेळ लागतो एक तुकडा खायला? तेवढाच लागला. मान वर केली तेव्हा दार बंद होतं.

मी ऐकत बसलो. खडीवर बुटांचा आवाज. एकाच माणसाचा. पाच पावलं, सहा, सात...

मग आवाज थांबला.

रवीने दाराला हात घातला. परत घट्ट. तो दार बडवत होता. "बाबा! अहो बाबा!" सीमा काच पुसत होती, आणि काचेपलीकडे पांढऱ्याशिवाय काही नव्हतं. दहा मिनिटं झाली असतील. मला मिनिटं कळत नाहीत, पण सिया रडून थकली एवढा वेळ झाला.

मग खडीवर बूट वाजले. सात पावलं.

पायरी करकरली नाही.

दार उघडलं आणि बाबा आत आले.

रवीने त्यांना मिठीच मारली. "कुठे होतात? जीव घेता का माझा?"

बाबा त्याच्याकडे बघत होते. पहिल्यांदाच बघावं तसं.

"टोपी कुठे गेली?" सीमाने विचारलं.

"वाऱ्याने गेली."

वारा नव्हता. दिवसभर नव्हता.

बाबा दाराजवळच्या जागेवर बसले नाहीत. सरळ आत गेले आणि टेबलाच्या कोपऱ्यात बसले. एवढ्या धुक्यातून आले होते, पण अंगावर पाण्याचा थेंब नव्हता. मी नाक पुढे केलं. बाबांना वास होता. आयोडेक्स, तपकीर, लोकरीचा स्वेटर. सहा महिन्यांत मला पाठ झालेला.

काहीच आलं नाही.

"रवी," ते म्हणाले. "मी राहीन."

"काय?"

"इथेच राहीन. आण तो कागद."

रवी रडला हो. मोठा माणूस, ढसाढसा रडला. ग्लव्हबॉक्समधून त्याने फॉर्म काढला, पेन दिलं. सही झाली. सीमाने देवाचं नाव घेतलं. कोणी विचारलं नाही की दहा मिनिटांत मन बदललं कसं. हवं ते हातात पडलं की माणसं फार प्रश्न विचारत नाहीत. मी सहा वर्षं बघतोय त्यांना.

रवीने किल्ली फिरवली. गाडी लोण्यातून सुरी जावी तशी निघाली.

डबल बेल झाली नाही.

मी वाट बघितली. सियानेही. "आजोबा, बेल?" तिने हळूच विचारलं.

तो माणूस तिच्याकडे बघून हसला. भिंतीकडे हात गेला नाही.

गाडी पासिंग प्लेसवरून रस्त्याला लागली, आणि मागच्या पत्र्यावर, बाहेरून...

ठक.

एकदाच. बोटांच्या गाठींनी.

मी भुंकलो. जन्मात भुंकलो नव्हतो एवढा भुंकलो. मागच्या काचेवर पंजे मारले.

"टॉफी, गप रे!" रवी ओरडला.

"कोणीतरी नॉक केला," सिया म्हणाली.

"खडी उडते गं, बाळा."

एक म्हणजे थांबा. चौतीस वर्षांत त्या हाताने एक वाजवल्यावर पुढे गेलेला ड्रायव्हर नव्हता.

रवी पुढे गेला.

मागच्या काचेतून मला पांढरी पाटी दिसली. पाटीखाली खांबाला टेकून कोणीतरी उभं होतं. डोक्यावर तपकिरी टोपी. हात वर केलेला. मग धुक्याने तेही घेतलं.

आम्ही पिनरला परतलो. अर्ज मंजूर झाला.

त्याला आता तीन वर्षं झाली. तो माणूस सव्वातीनला शाळेच्या फाटकात उभा राहायचा. ऊन असो, बर्फ असो, एक मिनिट इकडे तिकडे नाही. उभं राहण्याची त्याला सवय आहे. सिया त्याच्या दोन पावलं मागून चालत यायची. आता ती मोठी झाली, एकटी येते. त्याला आजोबा म्हणते, पण 'तू' म्हणत नाही. तुम्ही म्हणते.

तो ताटातलं सगळं संपवतो. कोणालाही 'या जेवायला' म्हणत नाही. चहा पुढे ठेवला की लगेच गार होतो.

परतल्यानंतर पहिल्याच रविवारी मुरलीधरचा फोन आला. सीमाने रिसीव्हर त्या माणसाच्या हातात दिला. दोन मिनिटांनी त्याने तो परत केला, न बोलता. सीमाने कानाला लावला.

"सूनबाई," मुरलीधर विचारत होता, "फोनवर कोण होतं?"

"काका, बाबाच होते की."

मग त्याने फोन ठेवला. त्यानंतर त्याचा एकही फोन आलेला नाही.

मी रोज संध्याकाळी दाराशी बसून मोजतो. रवी, सीमा, सिया आणि तो. चार. मोजणी पुरी भरते. कोणाला काही कमी दिसत नाही. मागच्या आठवड्यात रवी मित्राला सांगत होता, "त्या ट्रिपनेच बाबांचं मन वळलं."

कधीकधी जेवताना टेबलाखाली तुकडा येतो. मी अजून खातो. नाही खाल्ला तर तो वाकून खाली बघतो, आणि ते मला सहन होत नाही.

तर कोणाला काय मिळालं ते मांडून ठेवतो, मग झोपतो.

रवीला सही मिळाली. सीमाला फाटकातला माणूस मिळाला. सियाला बंक मिळाला. पाहुण्याला घर मिळालं. मला धपाट्याचे दोन तुकडे.

तिकीट फाटलं रघुवीररावांचं. ते अजून पाटीखाली उभे आहेत, आणि तिथून सुटायला त्यांना दुसऱ्या कोणीतरी जेवायला बोलवावं लागेल.

त्या रस्त्यावर असं कोणी कोणाला बोलावत नाही.